पालखीचं टेबल

मंडळाच्या सभेत मत मांडू नये, असं आमचे वडील सांगायचे. चहा प्यायचा, ठरावाला हात वर करायचा आणि घरी यायचं, एवढंच त्यांचं सार्वजनिक जीवनाचं तत्त्वज्ञान होतं. त्या तत्त्वज्ञानावर ते आयुष्यभर सर्वांचे लाडके राहिले. मी मात्र त्या रविवारी लालबागला, गावकऱ्यांनी मिळून घेतलेल्या आमच्या गावाच्या खोलीत, सगळं मंडळ जमलेलं असताना, तोंड उघडलं.

विषय शिमग्याचा होता. शिमग्यात आमच्या आंबेरूळच्या देवीची पालखी घरोघर जाते. कोणाच्या घरी कधी, याचं वेळापत्रक मुंबईचं मंडळ काढतं, कारण चाकरमान्यांना त्याप्रमाणे रजा टाकायची असते. हे वेळापत्रक आमचे अध्यक्ष आनंदातात्या कदम स्वतःच्या हस्ताक्षरात लिहायचे आणि त्याचा फोटो व्हॉट्सअ‍ॅपवर जायचा. तात्यांचं अक्षर आणि त्यांच्या मोबाइलचा कॅमेरा, दोघांनाही मोतीबिंदू. गेल्या वर्षी अर्धा गाव मंगळवारी नैवेद्य करून बसला आणि पालखी आली बुधवारी.

"आपली वेबसाइट आहे ना?" मी म्हणालो. "तिच्यावर नीट टेबल करून टाकलं तर सगळ्यांना स्वच्छ दिसेल."

खोलीत शांतता पसरली. मला वाटलं, माणसं विचारात पडली. प्रत्यक्षात ती सुटकेचा श्वास घेत होती.

"ठराव," तात्या म्हणाले. "सूचक राजेश मांडवकर. काम करणार राजेश मांडवकर. हात वर करा."

सगळे हात वर गेले. माझाही गेला, सवयीने.

वेबसाइट म्हणजे मंडळाच्या अमृतमहोत्सवात कुणीतरी हौसेने करून दिलेलं एक पान. त्यावर तात्यांचा फोटो आणि "आपले स्वागत आहे" एवढंच होतं. पानाचा पासवर्ड मागितला तर चिटणीस म्हणाले की तो असा तोंडी देता येत नाही, अर्ज करा. मी अर्ज केला. अर्जावर तात्यांची सही लागणार होती आणि तात्या भाच्याच्या लग्नाला चिपळूणला गेलेले. ते आल्यावर खजिनदारांनी विचारलं की पासवर्ड ही मंडळाची जंगम मालमत्ता धरायची की स्थावर. यावर सभा बसली. अखेर तात्यांनी एक चिठ्ठी घडी घालून माझ्या हातात दिली. उघडली तर आत देवीचं नाव आणि पुढे एक-दोन-तीन.

"टाइप करताना चप्पल काढ," तात्या म्हणाले. "देवीचं नाव आहे."

तेव्हापासून मी ऑफिसातसुद्धा वेबसाइट उघडायची तर टेबलाखाली बूट काढतो. शेजारच्या टेबलावरच्या बाईंनी दोनदा वरिष्ठांकडे माझी तक्रार केली आहे.

आता खरं सांगायचं तर टेबल कसं करतात हे मला ठाऊक नव्हतं. सभेत ज्या आवाजात मी बोललो, त्यावरून कोणालाही वाटलं असतं की हा माणूस रोज सकाळी आंघोळीआधी दोन टेबलं करतो. करी रोडला आमच्या मजल्यावर दीपक राहतो. त्याने एकेकाळी दादरला वेब डिझाइनचा कोर्स अर्धा केला होता. अर्धा कोर्स केलेल्या माणसाइतका उत्साही शिक्षक जगात नाही. तो बनियनवरच आला.

"सिंपल आहे रे," दीपक म्हणाला. "आधी टेबल उघडायचं. त्यात टीआर, म्हणजे आडवी ओळ. ओळीत टीडी, म्हणजे एकेक कप्पा. जे उघडशील ते बंद करायचं. बस. बंद नाय केलंस तर वाट लागते."

"मग झालंच," आमची दर्शना स्वयंपाकघरातून म्हणाली. "ह्यांनी आजवर कपाटाचं दार बंद केलेलं नाही, ते कप्पे बंद करणार."

मी तिच्याकडे दुर्लक्ष केलं. संशोधकांना घरात कधीच मान नसतो.

चार रकाने ठरवले. वाडी, घर, वेळ आणि शेरा. शेरा यासाठी की तात्यांच्या जुन्या कागदात प्रत्येक घरापुढे काहीतरी टीप असायची. कुणाच्या अंगणाला पायऱ्या फार, कुणाकडे पालखीवाल्यांना सरबत, आणि तात्यांच्या स्वतःच्या घरापुढे "कुत्रा बांधून ठेवावा". मी एकेक ओळ लिहीत गेलो. सगळा गाव कप्प्याकप्प्यांत बसवला, पान चढवलं, ग्रुपवर लिंक टाकली आणि चहा मागितला.

चहाआधी तात्यांचा फोन आला.

"राजेश, माझ्या घराचं नाव काय?"

"काय तात्या?"

"तुझ्या टेबलात 'घर' ह्याच्या खाली 'सकाळी आठ' लिहिलंय. आणि 'वेळ' ह्याच्या खाली 'कुत्रा बांधून ठेवावा'. मी 'वाडी'च्या खाली आहे. मी काय वाडी आहे?"

त्यांच्या ओळीत पहिला कप्पाच लिहायचा राहिला होता, त्यामुळे बाकीचे सगळे एकेक घर डावीकडे सरकले होते. मी तो घातला. मग पुढच्या ओळीत दोन कप्पे जास्त झाले आणि एका निरुपद्रवी काकूंचं सरबत टेबलाच्या बाहेर जाऊन उभं राहिलं. ते आत घेतलं तर अर्धा गाव खाली सरकला. त्या दिवसापासून ग्रुपवर माझ्याबद्दल एक विशिष्ट प्रकारची सहानुभूती दिसू लागली. लोक "प्रयत्न चांगला आहे" असं लिहू लागले. ज्याला हे वाक्य ऐकावं लागलं आहे त्यालाच त्याची धार कळेल.

दीपक म्हणाला, वाचायला सोपं जावं म्हणून एक ओळ पांढरी, एक राखाडी कर. मोठमोठ्या कंपन्या असंच करतात. मी केलं. सुंदर दिसत होतं. संध्याकाळपर्यंत गावात दोन पक्ष पडले. राखाडी ओळींतल्या घरांनी विचारलं की आम्हालाच सुतक का. एकाने लिहिलं, "आमचे आजोबा पालखीचे भोई होते, आम्हाला पांढरं मिळालंच पाहिजे." मी राखाडीचा भगवा केला. तेव्हा पांढऱ्या ओळींतली घरं नाराज झाली. शेवटी सगळ्यांनाच भगवं करून टाकलं आणि टेबल इतकं तळपू लागलं की वाचता येईना. प्रितीवहिनी, म्हणजे आमच्या बाबुराव भुवडांची बायको, हिचा मोबाइल जुना. त्यावर टेबल अर्धंच मावायचं. तिने फोन करून रडवेल्या आवाजात विचारलं, "भावोजी, आमच्या नावापुढे वेळच नाही. पालखी येणार नाही का आमच्याकडे?"

"वहिनी, बोटाने डावीकडे सरकवा."

"पालखी?"

"टेबल."

पण प्रितीवहिनीच्या प्रश्नात एक खरं दुखणं होतं, आणि आता मला भुवडांबद्दल सांगावं लागेल.

दौलतदादा आणि बाबुरावदादा हे सख्खे भाऊ. गावचं घर एक, पडवी एक, पण दारं दोन, कारण चुली दोन. पालखी पडवीत बसवायची तर कोणाच्या दारापुढे आधी? दौलतदादा म्हणे मी थोरला. बाबुरावदादा म्हणे घराची कौलं मी बदलली. तीन शिमग्यांपूर्वी पालखी अंगणात येऊन उभी राहिली आणि हे दोघे "आधी इकडे", "आधी तिकडे" करत भांडत बसले. भोयांचे खांदे भरून आले. ते कंटाळले आणि पालखी घेऊन पुढच्या घरी गेले. तेव्हापासून पालखी भुवडांच्या अंगणात नाचते आणि निघून जाते. पडवीत बसत नाही. भाऊ एकमेकांशी बोलतही नाहीत.

ह्यात हाल गंगुबाईंचे, म्हणजे त्यांच्या आईचे. त्या महिनाभर परळला दौलतदादांकडे आणि महिनाभर वरळीला बाबुरावदादांकडे असतात. भाऊ एकमेकांच्या दारात जात नाहीत, म्हणून गंगुबाईंची अदलाबदल लालबागच्या गावाच्या खोलीत होते. एक भाऊ आईला पिशवीसकट आणून बाकावर बसवतो आणि जातो. थोड्या वेळाने दुसरा येऊन घेऊन जातो. मधल्या वेळात गंगुबाई जो असेल त्याच्याशी गप्पा मारतात आणि प्रत्येक वेळी हसत हसत तेच सांगतात, "औंदा तरी देवी पडवीत बसूदे रे. एक नारळ ठेवायचाय माका तिच्यापुढं. पुढच्या वरसाला मी असान, नसान."

हसत सांगतात म्हणून लोकही हसतात. मी मात्र दर वेळी त्यांच्यासाठी चहा आणायला उठतो.

माझ्या टेबलात भुवडांची टेपवाडी शेवटी होती आणि तिथे मी तोवर नुसतं 'सकाळी' लिहून ठेवलं होतं. वाडीत घर हे एकच, पण दोन चुलींच्या ओळी दोन. दौलतदादांनी मला परळला बोलावून बकुळावहिनीच्या हातची घावनं खायला घातली आणि थोरलेपणाचं महत्त्व सांगितलं. बाबुरावदादांनी वरळीला नेऊन बोंबील खायला घातले आणि कौलांचा इतिहास सांगितला. दोन्हीकडे मी मान डोलावली. तोंडात घास असताना माणसाने मान डोलावण्याशिवाय काय करावं? शेवटी मनाचा हिय्या करून दौलतदादांना सकाळचे दहा आणि बाबुरावदादांना साडेदहा असं लिहिलं. होईल ती शिवीगाळ होईल.

तेवढ्यात दीपकने नवीन युक्ती शिकवली. टेपवाडी टेपवाडी असं दोनदा कशाला लिहायचं? रोस्पॅन म्हणून एक प्रकार असतो. तो कप्प्याला लावून दोन म्हटलं की तो कप्पा खालच्या ओळीपर्यंत उंच होतो. एकच टेपवाडी, दोन्ही ओळींना पुरते. मला ही कल्पना फार आवडली. मी रोस्पॅन लावला. नंतर पान पाहिलं तर बाबुरावदादांचे साडेदहा घसरून शेऱ्याखाली गेलेले. आता टेबलातल्या घसरणीची मला सवय झाली होती. वेळेचा कप्पा भरलेला दिसत होता, म्हणून ते साडेदहा चुकून दोनदा पडलेत असं समजून मी पुसून टाकले, पान स्वच्छ दिसलं, चढवून दिलं. तात्यांनी छापील प्रत काढून खोलीच्या भिंतीवर लावली आणि एक गावी मानकऱ्यांना पाठवली.

माझा रोस्पॅन टेपवाडीला लागलाच नव्हता. तो लागला होता दहा वाजण्याला.

हे मला रविवारी सकाळी कळलं, जेव्हा दोन्ही भुवडांचे फोन एकाच वेळी आले. "माझी वेळ त्याला कशी दिलीस?" हे वाक्य मी एका कानाने दौलतदादांकडून आणि दुसऱ्या कानाने, दर्शनाच्या मोबाइलवर, बाबुरावदादांकडून ऐकलं. लॅपटॉप उघडून पाहिलं. खरंच. दोघांची नावं एकाखाली एक आणि त्यांच्या शेजारी एक उंचच उंच कप्पा. त्यात मधोमध, अगदी ऐटीत, "सकाळी दहा".

दीपकला फोन केला, पासवर्ड सांगितला, चप्पल काढ म्हटलं आणि हात जोडून विनंती केली की हे तेवढं वेगळं कर. मग माफी मागायची तयारी करून, लॅपटॉप काखेत मारून लालबागला गेलो.

खोलीत पाय ठेवला तर गंगुबाईंच्या अदलाबदलीचाच दिवस. पण आज पहिल्यांदाच एक भाऊ जाण्याआधी दुसरा आला होता. आई मध्ये बाकावर, मांडीवर पिशवी, आणि दोन बाजूंना दोन मुलगे भिंतीवरच्या टेबलाकडे बोट दाखवून तात्यांवर ओरडत होते. एकमेकांकडे न बघता ओरडणं ही कला आहे. दोघांनाही ती अवगत होती.

"अरे, काय लिवलंय तिथं?" गंगुबाईंनी विचारलं.

बकुळावहिनी सासूला पोचवायला आली होती. ती म्हणाली, "आई, दोघांची नावं आहेत. वेळ एकच दिलीय."

"दोघांना एकच?"

"हो. दहाची."

गंगुबाई उठल्या. भिंतीपाशी गेल्या. त्यांना वाचता येत नाही, पण त्या उंच कप्प्यावरून त्यांनी बोट फिरवलं, वरपासून खालपर्यंत.

"म्हंजे देवी एकदाच येणार. मग मध्येच बसणार ना, दोन दारांच्या मध्ये," त्या म्हणाल्या आणि तात्यांकडे वळल्या. "बरं केलंत हो. मंडळानं न्याय केला. ही पोरं तर करीत नव्हती."

मी माफीचं वाक्य तोंडात घेऊन उभा होतो. ते गिळलं. तात्या एक क्षण गोंधळले, पण ते मुरलेले अध्यक्ष आहेत.

"पुष्कळ विचार करून केलंय," तात्या म्हणाले. "राजेशची कल्पना."

दौलतदादांनी माझ्याकडे पाहिलं. बाबुरावदादांनी पाहिलं. मग दोघांनीही आईकडे पाहिलं. शेवटी दौलतदादा पायांकडे बघत म्हणाले, "मंडळाचा निर्णय म्हटल्यावर काय." बाबुरावदादाही दुसऱ्या भिंतीकडे बघत म्हणाले, "मंडळापुढे आपण कोण." गंगुबाईंनी पदर डोळ्यांना लावला आणि मला म्हणाल्या, "तुजा संसार सुखाचा होऊदे रे बाबा." माझ्या संसारात त्या क्षणी दर्शना माझ्या मोबाइलवर मेसेज पाठवत होती की येताना कोथिंबीर आणा.

आता गोष्ट इथेच संपायला हवी होती. पण दीपक आमचा मित्र आहे आणि मित्र कामाचे असतात. मी जिन्याच्या अर्ध्यावर असताना त्याचा मेसेज आला. "डन. दोघं वेगळे केले. दहा आणि साडेदहा. पार्टी पाहिजे."

मी उलटा वर धावलो. उशीर झाला होता. बकुळावहिनी सासूला मोबाइलवर तो उंच कप्पा पुन्हा दाखवत होती आणि तो आता तिथे नव्हता.

"गेला कुठं?" गंगुबाई म्हणाल्या.

"कोणी तोडलं?" दौलतदादांचा आवाज चढला. "अरे, आत्ता ठरलं ना!"

"मंडळ आहे की तमाशा?" बाबुरावदादा म्हणाले.

मी जगातला पहिला माणूस असेन ज्याला टेबलातली चूक दुरुस्त केल्याबद्दल शिव्या बसल्या. आणि खरी पंचाईत पुढे होती. ती चूक मी कशी केली होती, हे मला आठवत नव्हतं. माणूस बरोबर गोष्ट लक्षात ठेवतो. खोलीतल्या बाकावर लॅपटॉप ठेवला, चप्पल काढली, सगळं मंडळ माझ्या खांद्यावरून वाकून बघत होतं. पहिल्या प्रयत्नात बाबुरावदादांचं घर तात्यांच्या कुत्र्याला जोडलं गेलं. दुसऱ्यात सगळ्या गावाला एकच वेळ मिळाली. तिसऱ्यात दौलतदादा दिसेनासे झाले. दीपकला फोन लावला तर तो उचलेना, तो बहुधा पार्टीचं ठिकाण शोधत होता. खजिनदार मागून सूचना करत होते. ते पूर्वी गिरणीत होते, त्यामुळे त्यांना वाटत होतं की कुठेतरी तेल घालायला हवं.

शेवटी जमलं. उंच कप्पा परत आला. खोलीत टाळ्या पडल्या. मी घाम पुसला.

बाबुरावदादा चष्मा लावून पुढे आले. बराच वेळ त्यांनी पडद्याकडे पाहिलं.

"वेळ एक आहे," ते म्हणाले. "ते बरोबर. पण नाव ह्याचं वर कसं?"

"थोरल्याचं नाव वर नाय तर काय खाली?" दौलतदादा म्हणाले.

"कौलं कोणी घातली?"

"जन्माला आधी कोण आलं?"

लक्षात घ्या, हे दोघे आता थेट एकमेकांशी बोलत होते. पण ते लक्षात घ्यायला कोणाला वेळ नव्हता. तात्या खुर्चीत मागे रेलले. चिटणीसांनी इतिवृत्ताची वही मिटली. मला दिसत होतं की अजून दोन मिनिटांत दोघे आपापल्या वाटेने जाणार आणि पालखी याही वर्षी अंगणातूनच वळणार.

"राजेश," गंगुबाई म्हणाल्या, "दोघांची पण काढ."

"काय काढू काकी?"

"नावं रे. दोघांची काढ. माजं घाल. घर माज्या घोवानं बांधलानी. मी जिती हाय अजून." मग मुलांकडे वळून म्हणाल्या, "कौलं घातलास तर मेहेरबानी केलास काय रे? आणि तू आधी जलमलास, त्यात तुजं काय कर्तृत्व? त्रास माका झाला."

खोलीत जो हशा पिकला, त्यात दौलतदादाही होते. हसू दाबायला बाबुरावदादांनी खोकला काढला, पण तो खोकला कोणालाच खरा वाटला नाही.

मी दोन्ही ओळी पुसल्या. एक टीआर उघडला. त्यात चार टीडी. टेपवाडी, गंगुबाई भुवड यांचं घर, सकाळी दहा, शेरा काही नाही. सगळं उघडलं तसं बंद केलं. रोस्पॅन नाही, जोडाजोड नाही, दीपकने पहिल्या दिवशी शिकवलेलं पहिलंवहिलं साधं काम. पहिल्याच फटक्यात बरोबर आलं. मला फार समाधान वाटलं आणि थोडा अपमानही.

शिमग्याला आम्ही सगळे गावी गेलो. टेबलाप्रमाणे पालखी टेपवाडीला सकाळी दहाला यायची होती. ती आली दुपारी चारला. देवी आपल्या मर्जीने नाचते आणि भोई आपल्या मर्जीने सरबत पितात. वेबसाइट बघून कोणी नाचत नाही. सगळा दिवस एकाही माणसाने माझ्या टेबलाचं नाव काढलं नाही, पालखी दोन दारांच्या मध्ये पडवीत बसली तेव्हासुद्धा नाही.

गंगुबाई मात्र सकाळी दहापासूनच पालखीची वाट बघत पडवीत उभ्या होत्या. बसायला सांगितलं तर बसेनात. शेवटी दौलतदादांनी आतून खुर्ची आणली आणि त्याच वेळी दुसऱ्या दारातून बाबुरावदादांनीही आणली. दोघे भाऊ आपापली खुर्ची धरून आईसमोर उभे राहिले.  

गंगुबाईंनी दोन्ही खुर्च्या पाहिल्या. एकीवर त्या बसल्या आणि दुसरीवर त्यांनी देवीचा नारळ ठेवला.